धिरा : पाण्याबाहेरची नौका आणि तिचा कुजलेला तळ

पाण्यावर तरंगणाऱ्या नौकेचे वजन पाणी एका जागी पेलत नाही; तळाचा जितका भाग बुडालेला असतो तितक्या सगळ्या भागावर ते खालून आणि बाजूंनी दाब देते, आणि नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन नौकेच्या वजनाइतके झाले की तोल साधतो. हा आधार सर्वत्र पसरलेला असल्यामुळे तो दिसत नाही, आणि दिसत नसल्यामुळे नौका स्वतःच्या बळावर आपला आकार टिकवून आहे असा समज होतो. नौका किनाऱ्यावर ओढून घेतली की हा समज खोटा ठरतो, कारण ज्या लाकडाला जन्मभर पाण्याच्या गादीवर निजण्याची सवय होती त्याला आता दोन-चार ठोकळ्यांच्या टोकांवर उभे राहावे लागते. अशा अवस्थेत तिचा तळ कुजलेला निघाला, आणि तो काढून नवा बसवायचे ठरले, तर कारागिरासमोरचा पहिला प्रश्न नवे लाकूड कोणते हा नसतो. जुने लाकूड निघाल्यावर नौका कशाच्या आधाराने आपल्या आकारात राहील, हा असतो.

समुद्राशी संबंध नसलेल्या देऊळघाटासारख्या गावाच्या निमित्ताने हा विषय मांडण्यास दोन कारणे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव घाटावरच्या भागात, पैनगंगेच्या काठी आहे, आणि ही नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरून पूर्वेकडे जाते, वर्धेला मिळते आणि पुढे प्राणहिता व गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरात पोहोचते. म्हणजे देऊळघाटच्या पाण्याचा कोकणाशी काही संबंध नाही. मात्र ज्या डोंगररांगेत पैनगंगा उगम पावते त्याच रांगेत अजिंठ्याची लेणी आहेत, आणि त्यांतील दुसऱ्या लेण्यात एका शिडाच्या जहाजाचे चित्र आहे, ज्यावरून गोव्यात भारतीय नौदलासाठी ‘कौंडिण्य’ ही शिवलेली नौका उभारण्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिचे काम सुरू झाले, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या गेल्या, मद्रासच्या आयआयटीत तिच्या प्रतिकृतीच्या पाण्यातील चाचण्या झाल्या, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या डोंगरातल्या भिंतीवर कोणीतरी जहाज पाहून रंगवले, आणि दीड हजार वर्षांनी त्या रेषांना पुन्हा पाणी लाभले, ही गोष्ट या भागाने अभिमानाने सांगावी अशी आहे. दुसरे कारण घरांचे आहे, आणि ते लेखाच्या शेवटी येईल.

शिवलेल्या नौकेचा उल्लेख येथे केवळ सौंदर्यासाठी नाही. नौका बांधण्याच्या दोन रीती आहेत. एकीत, आणि शिवलेली नौका याच रीतीची, आधी फळ्या एकमेकींना जोडून बाहेरचे कवच उभे करतात आणि आतल्या फासळ्या नंतर त्या कवचाच्या मापाने बसवतात. दुसरीत आधी पठाण, म्हणजे पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत कण्यासारखे जाणारे लाकूड, ठेवून त्यावर फासळ्यांचा सांगाडा उभा करतात आणि मग त्यावर फळ्या ठोकतात. पहिल्या रीतीत आकार फळ्यांनी धरलेला असतो आणि दुसरीत फासळ्यांनी, त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी कोणता भाग काढला असता नौका हलेल हेही त्यावरच ठरते. पहिल्या प्रकारच्या नौकेची तळाची फळी काढणे म्हणजे भिंतीतला दगड काढणे होय. दुसऱ्या प्रकारच्या नौकेत फळी निघाली तरी चालते, पण पठाणावर आडवी बसून डाव्या-उजव्या फासळ्यांना एकत्र बांधणारी तळाची लाकडे एकदम काढली की दोन्ही कुशी मोकळ्या होतात आणि बाहेर पसरू लागतात.

पाण्यावर असतानाही नौकेचा आकार पूर्ण निर्धोक नसतोच. नौकेचे पोट रुंद असल्यामुळे मधल्या भागाला पाण्याची उचल अधिक मिळते आणि निमुळत्या टोकांना कमी, तर नाळ, सुकाणू आणि नांगर यांचे वजन मात्र टोकांवर असते. परिणामी वर्षानुवर्षे टोके किंचित खाली झुकतात आणि मधली पाठ वर येते. अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या लाकडी युद्धनौकेच्या पठाणात असा बाक तेरा इंचांहून अधिक आढळला होता. १९९० च्या दशकात ती सुक्या गोदीत घेऊन तिला ठोकळ्यांवर हळूहळू टेकू देत हा बाक काढण्यात आला, आणि मूळ आराखड्यातील पण मधल्या काळात काढून टाकलेली तिरकी आतली लाकडे पुन्हा बसवण्यात आली. या नौकेचा मुंबईशी असलेला संबंध फारसा कोणाला ठाऊक नाही. १८१२ च्या अखेरीस तिने ब्रिटिशांची ‘जावा’ ही युद्धनौका हरवली, आणि मुंबईच्या वाडिया कारखान्यात बांधावयाच्या ‘त्रिंकोमाली’ या नौकेचे आराखडे ‘जावा’वरच असल्यामुळे ते तिच्याबरोबर गेले आणि आराखड्यांची दुसरी प्रत पाठवावी लागली. सागवानाची ‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली, पुढे दीडशेहून अधिक वर्षे निरनिराळ्या कामांत राहिली, १९८७ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे आणली गेली, आणि तेथे २००१ पर्यंत तिची दुरुस्ती झाली.

तळ कुजतो तो खाऱ्या पाण्यामुळे, असा सर्वसामान्य समज आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा ही दोन्ही लागतात: लाकडातील ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही, आणि लाकूड पूर्ण पाण्यात बुडून तुडुंब भिजलेले असेल तर हवेअभावी तिचा जीव गुदमरतो. मीठही तिला मानवत नाही. म्हणून खाऱ्या पाण्यात बुडालेली बाहेरची बाजू पुष्कळदा धडधाकट असते, आणि आतला तळ, जेथे पावसाचे गोडे पाणी झिरपून साचते, वारा पोहोचत नाही, आणि फळ्यांवर जाळी, दोर, बर्फाच्या पेट्या ठेवलेल्या असतात, तो आधी जातो. जाणते कारागीर म्हणूनच तळाच्या आडव्या लाकडांना खालून लहान भोके ठेवतात, ज्यांतून पाणी एका सखल जागी वाहून येते आणि उपसता येते; ही भोके माशांच्या खवल्यांनी आणि चिखलाने बुजली की प्रत्येक दोन लाकडांमध्ये एक डबके तयार होते. खाऱ्या पाण्याचा शत्रू वेगळा आहे: लाकडात बोगदे करणारा, दिसायला किड्यासारखा पण वर्गाने शिंपल्यांचा सोयरा असलेला समुद्री जीव, ज्याच्याविरुद्ध पश्चिम किनाऱ्यावर चुना आणि तेल किंवा चरबी यांचा लेप तळाला देण्याची जुनी पद्धत होती.

कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून घेऊन झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारण्याची जी रीत आहे तिच्यात हे सारे ज्ञान साठलेले आहे. आज १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला शासनाची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास दर्या पुन्हा खुला मानला जातो. पण पावसाळ्यात नौका पाण्याबाहेर ठेवण्याचा विचार कायद्याहून कितीतरी जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणात पावसाळ्यापूर्वी आरमार सुरक्षित बंदरी छावणीस न्यावे, ही छावणी दर वर्षी एकाच बंदरी करू नये, आणि आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, असे सांगितले आहे. ज्या राज्यकर्त्यांनी युद्धाच्या धामधुमीत नौकेच्या विश्रांतीचा आणि झाडाच्या वयाचा असा एकत्र विचार केला, त्यांची दृष्टी आजच्या नियोजनकारांनी पुन्हा वाचावी अशीच आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत गिर्ये येथे मराठा आरमाराची गोदी आजही पाहता येते. अशा भरती-ओहोटीच्या गोदीत नौका उधाणाच्या पाण्यावर आत आणतात आणि पाणी उतरताना ती आधीच मांडून ठेवलेल्या लाकडांवर बसते. मुंबईत सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या काळात, १७५० साली, पाणी दारांनी अडवून बाहेर काढता येईल अशी सुकी गोदी झाली. या सर्व स्थापत्याचा हेतू एकच होता, तो म्हणजे नौकेला पाण्यावरून लाकडावर हलवताना तिचा भार एका क्षणात न बदलता हळूहळू बदलावा.

आता प्रत्यक्ष तळ बदलण्याचा क्रम पाहू. पहिली गोष्ट म्हणजे नौकेचे वजन पठाणावर यावे, कुशीवर नव्हे. पठाणाखाली ठराविक अंतरावर ठोकळ्यांचे थर रचून ते पाणसळीने एका रेषेत आणतात. पाणसळ म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी किंवा बुडबुड्याची पट्टी, जिच्यामुळे नौकेच्या दोन टोकांची उंची एकमेकांशी ताडून पाहता येते. मात्र येथे एक बारकावा आहे. बहुतेक पठाणे सरळ नसतात, त्यांना मुळात किंचित गोलाई असते, आणि कारागिराने सरळ रेषेत मांडलेल्या ठोकळ्यांवर ती बसवली तर तो नौका सरळ करत नसून तिला वाकवत असतो. म्हणून ठोकळे पठाणाच्या मापाने रचायचे, पठाण ठोकळ्यांच्या मापाने बसवायचे नाही, आणि उरलेली फट पाचरीने, तीही दोन्ही बाजूंनी समोरासमोर ठोकलेल्या जोडपाचरीने, भरून काढायची. बाजूंचे धिरे, म्हणजे तिरके टेकू, केवळ नौका कलंडू नये म्हणून असतात. त्यांनी भार घ्यायचा नसतो. ते नेहमी जोडीने, डाव्या टेकूच्या समोर उजवा असे, आणि फासळीच्या किंवा आडव्या भिंतीच्या बरोबर खाली लावतात. दोन फासळ्यांच्या मध्ये नुसत्या फळीवर टेकवलेला धिरा काही दिवसांत फळीला खळगा पाडतो. धिऱ्याच्या डोक्याला रुंद गादी आणि पायाखाली रुंद पाट हवा, कारण एकवटलेला भार लाकडाला आणि जमिनीला सारखाच अपायकारक असतो, आणि समोरासमोरचे धिरे खालून साखळीने किंवा दोराने बांधावे लागतात, नाहीतर ठोकाठोकीच्या हादऱ्यांनी त्यांचे पाय बाहेर सरकतात.

बाहेरचा आधार झाल्यावर आकार आतून कुलूपबंद करावा लागतो, आणि हीच पायरी सर्वांत अधिक गाळली जाते. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तात्पुरत्या आडव्या फळ्या स्क्रूने बसवतात, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मध्यावरून दोरी ताणतात, तिच्यापासून दोन्ही काठांची अंतरे आणि दोन्ही कर्ण मोजून ती फळीवरच लिहून ठेवतात, आणि काही ठिकाणी आतल्या आकाराचे फर्मे, म्हणजे पातळ फळीचे नमुने, कापून घेतात. जुने लाकूड उपटून फेकण्याआधी त्याचा फर्मा काढणे आवश्यक असते, कारण कुजलेल्या तुकड्यावरूनसुद्धा मूळ वळण वाचता येते, आणि ते एकदा शेकोटीत गेले की वाचता येत नाही. त्यानंतर आडवी लाकडे एकाआड एक काढायची: पहिले, तिसरे, पाचवे काढून तेथे नवी बसवायची, ती पक्की झाल्यावर दुसरे आणि चौथे. फळी पूर्ण काढणे शक्य नसेल तर कुजलेला भाग धड लाकडापर्यंत कापून जाडीच्या आठ ते बारा पट लांबीचा तिरका सांधा करतात, म्हणजे जोड एका रेषेवर न तुटता लांबवर वाटला जातो. फासळ्यांसाठी सरळ लाकडातून वळण कापून काढण्यापेक्षा बाभळीसारखे नैसर्गिक वाकलेले लाकूड चांगले, कारण त्यात रेषा वळणाबरोबर जातात. दररोज काम सुरू करताना दोरीपासूनची मापे पुन्हा घेतली जातात. बोटभर फरक दिसला तर त्या दिवशी करवत बाजूला ठेवून धिरे पाहायचे असतात.

लाकडाची जागा आता बहुतांशी फायबरने घेतली आहे, आणि येळगाव धरणासारख्या बुलढाणा परिसरातील जलाशयांचा विचार केला तर देऊळघाटच्या वाचकाला हीच जात अधिक जवळची वाटेल. फायबरची होडी म्हणजे काचतंतूंचे कापड राळेसारख्या रसायनात भिजवून साच्यावर चढवलेले पातळ कवच. ते स्वतः कुजत नाही, पण त्याच्या आत उभ्या-आडव्या लाकडी पट्ट्या आणि त्यांवर प्लायवूडची तक्तपोशी बसवलेली असते, आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ती मात्र कुजते. कवचाला वाटणारी ताठरता प्रत्यक्षात या पट्ट्यांची आणि तक्तपोशीची असते. ती काढली की कवच कापडासारखे सैल होते, होडी वाहून नेणाऱ्या गाडीच्या दोन रुळांवर ठेवलेले असेल तर दोहोंच्या मध्ये झोळ पडतो, आणि त्या झोळावरच नवी तक्तपोशी चिकटवली तर तो झोळ कायमचा होतो. मग होडी दिसायला नवी होते पण वेगात सरळ चालत नाही, आणि दोष इंजिनाला दिला जातो. उपाय तोच: तळाच्या आकाराचे तीन-चार फर्मे कापून त्यांवर गादी घालून कवच टेकवावे, काठ आडव्या पट्ट्यांनी बांधावेत, आणि नवे लाकूड घट्ट होईपर्यंत कोणी आत उतरू नये.

मोठ्या प्रमाणावर हाच धडा इंग्लंडला फार उशिरा शिकावा लागला. इंग्रज नौसेनानी नेल्सनची ‘व्हिक्टरी’ ही युद्धनौका १९२२ पासून पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत उभी आहे. सुमारे साडेतीन हजार टन वजनाच्या या नौकेला बावीस पोलादी कमानींनी पेलले होते, आणि भार त्या बावीस जागी एकवटल्यामुळे नौका स्वतःच्याच वजनाने बसू लागल्याचे मोजणीत दिसून आले. अलीकडे त्या कमानींच्या जागी १३४ पोलादी धिरे बसवण्यात आले. प्रत्येकाची उंची स्वतंत्रपणे बदलता येते आणि प्रत्येकावर किती भार आहे हे यंत्राने सतत मोजले जाते, म्हणजे समुद्र जसा नौकेला सगळीकडून धरतो तसे जमिनीवर धरण्याचा हा प्रयत्न आहे. शंभर वर्षांच्या अनुभवानंतर अभियंते ज्या निष्कर्षाला आले तो कोकणच्या वाळूत पाचरी ठोकणाऱ्या सुताराला आधीच ठाऊक होता. फरक इतकाच की त्याचे ज्ञान कोणी मोजले नाही आणि लिहूनही ठेवले नाही. ही उपेक्षा दुःखद आहे, कारण नौकाबांधणीवरच्या लेखनात शिडांची, तोफांची, लाकडाच्या जातींची वर्णने सापडतात, पण धिऱ्याला स्वतंत्र पान क्वचितच मिळते.

देऊळघाटाशी जोडणारे दुसरे कारण येथे येते. घाटावरच्या या भागातील जुनी घरे लाकडी खांब-तुळयांची आणि माळवदाची आहेत. माळवद म्हणजे तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच म्हणजे बारीक काटक्या किंवा फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. या मातीचे वजन मोठे असते आणि पावसाळ्यात भिजल्यावर ते आणखी वाढते. खांब दगडी उथळ्यावर उभा असतो, आणि उथळे जोत्यात बुजले किंवा भोवती फरशी उंच झाली की खांबाचा बुंधा ओलाव्यात राहून कुजतो. वरच्या मजल्याची तक्तपोशी भिंतीत जेथे शिरते तेथेही तेच घडते. अशा खांबाचा बुंधा किंवा तक्तपोशीची कडी बदलताना घर पाण्याबाहेर काढलेल्या नौकेच्याच अवस्थेत असते. तुळईखाली, दुरुस्त करावयाच्या खांबाच्या दोन्ही अंगांना, दोन धिरे उभे करावे लागतात, त्यांच्या पायाखाली रुंद फळ्या आणि जोडपाचरी द्याव्या लागतात, वरच्या मजल्यावरील खांब त्याच ओळीत असेल तर त्यालाही आधार द्यावा लागतो, आणि पाचर ठोकताना तुळई वर उचलायची नसून तिचा भार फक्त अलगद घ्यायचा असतो, कारण शंभर वर्षांत बसलेले घर एका दुपारी सरळ करू पाहणारा माणूस भिंतींना भेगा पाडतो.

जमिनीचाही फरक येथे ध्यानात घ्यावा लागतो. गावाच्या परिभाषेत काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. घरे पांढरीवर बांधण्यामागे व्यवहाराचे शहाणपण आहे, कारण दख्खनच्या काळ्या मातीतील चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगा पाडतात. गाव वाढत काळीवर गेले की तिथल्या अंगणात उभा केलेला धिरा वैशाखात जसा असतो तसा आषाढात राहत नाही. होडी असो वा तुळई, काळ्या मातीवर दिलेला आधार पहिल्या पावसानंतर पुन्हा तपासून पाचर सैल अथवा घट्ट करावीच लागते, आणि शक्य असेल तर असे काम होळी ते अक्षय्य तृतीया या कोरड्या काळातच उरकावे.

देऊळघाटच्या आणि आसपासच्या ज्या घरांत असे जुने खांब अजून उभे आहेत त्यांच्या मालकांनी येत्या उन्हाळ्यात एकदा उथळ्याजवळचा बुंधा अणकुचीदार टोचणीने टोचून पाहावा. टोचणी सहज आत गेली तर सुताराला बोलवावे, आणि लाकडाचा भाव विचारण्याआधी तो धिरे किती आणि कोठे लावणार आहे हे विचारावे.